सुपातल्या लाल गोळ्या

इंदूबाई आमच्या डोंगरातल्या त्या फेरीची गोष्ट अजून सांगते, आणि दर वेळी तिच्या सांगण्यात चढ थोडा वाढतो आणि बरी झालेली माणसंही थोडी वाढतात. मी तिच्याबरोबर होते. मी पाहिलं तेवढंच लिहून ठेवते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, चांदवडजवळच्या आमच्या गावात झाली. चार माणसांत बोलायला मला जमत नाही. लिहिताना समोर कोणी बसलेलं नसतं, म्हणून जमतं.

आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. आमचं चर्च लहान आहे, पत्र्याचं. आमचे पास्टर आधी गाड्या रंगवायचं काम करायचे. त्यांच्या नखांच्या कडेला अजून रंग दिसतो. वर्षातून दोन-तीन वेळा ते डोंगराकडच्या पाड्यांवर जातात, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतात आणि सुवार्ता सांगतात. त्यांचं म्हणणं असं की उपाशी माणसाला आधी भाकरी आणि दुखणाइताला आधी प्रार्थना, शिकवण मग. त्या वर्षी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावर छातीचा आजार, म्हणजे टीबी, झालेली एक पोर होती, आणि मलाही लग्नानंतर तोच आजार झाला होता.

"तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी तिला धीर येईल," पास्टर म्हणाले. "आणि या खेपेला तुमची साक्ष तुम्हीच सांगा."

साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. आमच्याकडं बरं झालेल्या माणसानं ती द्यायची पद्धतच आहे. माझी साक्ष मात्र आजवर पास्टरच देत आले होते. मी शेजारी खाली मान घालून उभी राहायचे. ते म्हणायचे, "या बाई मरणाच्या दारात होत्या, मंडळीनं प्रार्थना केली, आणि आज तुमच्यासमोर उभ्या आहेत." ते खरंच होतं. मी वर्षभर सरकारी दवाखान्याच्या गोळ्या खाल्ल्या तेही खरं होतं. पहिल्या वर्षी ते गोळ्यांचंही सांगायचे. पुढं सांगता सांगता साक्ष आखूड झाली आणि गोळ्या गळून पडल्या. त्यात त्यांची लबाडी नव्हती. उपासनेला वेळ थोडा असतो.

वणीपर्यंत

जानेवारीचे दिवस होते. नाशिकहून सकाळची सुरगाणा गाडी धरली. पास्टर, मी आणि इंदूबाई. इंदूबाईचं कॅम्पच्या बाजारात बांगड्यांचं दुकान आहे आणि तिचा आवाज त्याच दुकानात तयार झालेला आहे. बरोबर एक ढोलकी, तेलाची लहान बाटली, येशूचं चित्र असलेलं एक कॅलेंडर आणि माझ्या माहेरचे कांदे.

दिंडोरीला एक बाई चढली. डोक्यावर पदर, मांडीवर पाच-सहा वर्षांचं पोर. ती आमच्या बाकावर सरकून बसली आणि बसल्याबरोबर विचारलं, "कुठं निघाल्या बायांनो?"

"सुरगाण्याकडं," इंदूबाई म्हणाली. "आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला."

"म्हंजे येशूवाल्या का तुम्ही?"

"हो."

"मग आपलं एकच काम हाय. मी बी आजारापायीच चालले." तिनं कमरेचं हळदीनं पिवळं झालेलं फडकं सोडून दाखवलं. आत चांदीच्या पत्र्याचे दोन डोळे होते, बोटाच्या पेराएवढे. "याचे डोळे गेलेच होते म्हणा. गडावरच्या देवीला बोलले, याला डोळे दे, तुला चांदीचे वाहीन."

पास्टर पुढच्या बाकावर होते. ते मागं वळले. "औषध काही केलं नाही का ताई?"

"केलं की! असं कसं, पोराचे डोळे हाय ते. नाशिकला नेला, थेंब घातले, चष्मा केला. दवाखाना आपण करायचा, गुण तिनं द्यायचा."

"गुण देणारा दुसरा आहे ताई," पास्टर हसून म्हणाले.

"असू द्या. तुमचा तुमच्याजवळ, माझी माझ्याजवळ. शेंगा घ्या." आणि तिनं ओंजळभर भाजलेल्या शेंगा त्यांच्या हातात टाकल्या. पास्टरांनी खाल्ल्या. मला ती बाई आवडली. तिच्याशी बोलावं असं वाटलं, पण वणी आलं आणि ती पोराला घेऊन उतरून गेली.

वणीला आमची थोडी फजिती झाली. इंदूबाई भजी घ्यायला उतरली आणि तेलात सोडलेल्या घाण्यासाठी थांबून राहिली. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघाली. मला ओरडता येईना. मी पास्टरांच्या खांद्याला हात लावला, तर ते आधीच उठले होते. त्यांनी ढोलकी काखेत घेऊन अशी बडवली की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. इंदूबाई कागदाचा पुडा उंच धरून पळत आली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वरात तुमचीच होती का?"

"वरात नाही रे बाबा, नवरी चुकली होती," ती धापा टाकत म्हणाली. सगळी गाडी हसली. भजी मात्र चांगली होती.

पाडा

सुरगाण्याच्या स्टँडवर काशिनाथ घ्यायला आला होता. पंचविशीचा असेल. हिवाळ्यात तो दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत कामाला जातो. पास्टर रविवारी त्या मजुरांत जाऊन बसायचे, तिथं त्यानं सुवार्ता ऐकली. त्याला आमची मराठी चांगली येते. आजारी पोर म्हणजे त्याचीच बायको, सोनी.

पुढं पायी वाट होती. काशिनाथनं ढोलकी डोक्यावर घेतली. भात कापून झालं होतं, मोकळ्या खाचरांत खुंट राहिले होते, सागाची पानं वाळून पायाखाली मोठ्यानं वाजत होती. माझ्या माहेरी डोंगर उघडेबोडके आहेत, लांबून दिसतात तेवढेच. इथले डोंगर अंगावर आल्यासारखे जवळ आणि एकामागं एक. उतारावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. इंदूबाईनं तिच्या केसांतली पिन काढून तो अडकवून दिला. ती पिन घरी येईपर्यंत टिकली.

काशिनाथचं घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. बाहेर त्याच्या आईनं, सखूबाईनं, पाय धुवायला पाणी दिलं. सखूबाई उंच, सडपातळ, कपाळावर गोंदण. तिची बोली कोकणी, गोव्याकडची नाही, या डोंगरातल्या लोकांची. ती बोलायला लागली की अर्धं मला कळायचं आणि अर्धं तिच्या हातांवरून समजून घ्यायचं. इथं लिहिते ते मला कळलं तसं.

तिनं कांद्याची पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाली, "इतका कांदा? दुकान घालायचं आहा का?" आमच्याकडं कांद्याशिवाय घास उतरत नाही हे तिला सांगितल्यावर तिला त्याचंच हसू आलं. जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. नागलीची भाकरी काळसर असते, आमच्या बाजरीपेक्षा मऊ, पण थापायला अवघड. मी एक थापायला घेतली ती हातातच फाटली. सखूबाईनं ती गोळा करून पुन्हा मळली.

सोनी आत कुडाला टेकून बसली होती. अंगावर दोन गोधड्या. वीस वर्षांची असेल, मनगटं काड्यांसारखी. तोंडावर पदर धरून खोकायची. तिची वर्षाची मुलगी रांगत तिच्याकडं निघाली की सखूबाई तिला मधूनच उचलून बाहेर नेऊन ठेवायची. ती पुन्हा रांगत यायची. मी तिथं होते तेवढ्यात हे कितीदा झालं मोजलं नाही. सोनी मुलीकडं बघायची आणि मग दुसरीकडं तोंड करायची. माझाही थोरला असाच लांब ठेवलेला होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

सूप

दिवस मावळायच्या आधी अंगणात सभा झाली. पाड्यावरची बरीच माणसं आली. काही आजारी होती, काही नुसती बघायला. ढोलकीवर दोन भजनं झाली. मग पास्टरांनी एक सूप मागवून पुढं ठेवलं. ही त्यांची नेहमीची पद्धत. डोंगरात आजारी माणसाच्या गळ्यात, दंडात, कमरेला भगतानं बांधलेले दोरे असतात, ताईत असतात, पुड्या असतात. प्रार्थनेआधी ते काढून सुपात टाकायचे, मग ते जाळतात.

"ज्याच्यावर ज्याच्यावर आजवर भरवसा टाकला, ते सगळं इथं ठेवा," पास्टर म्हणाले. "प्रभूकडं मोकळ्या हातानं या." काशिनाथ त्यांचं बोलणं कोकणीत सांगत होता.

माणसं एकेक करून आली. काळे दोरे, लाल दोरे, एक वाळलेलं लिंबू, एक वाघाचं म्हणून दिलेलं नख. सखूबाईनं सोनीला धरून आणलं. सोनीच्या दंडाचे दोरे सोडले. मग स्वतःच्या कमरेला खोचलेली एक प्लास्टिकची पिशवी काढून तीही सुपात टाकली.

मी सुपाच्या जवळच बसले होते. पिशवीत लाल कॅपसूल आणि पांढऱ्या गोळ्या होत्या. ओळखायला मला वेळ लागला नाही. त्या मी वर्षभर रोज हातात घेतल्या होत्या.

त्याच वेळी पास्टरांनी मला बोलावलं. "या आमच्या मार्थाबाई. यांनाही हाच आजार होता. त्यांच्या तोंडूनच ऐका."

मी उभी राहिले. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. गोळ्यांचं सांगायचं होतं. जमलं नाही. "प्रभूनं मला बरं केलं," एवढं म्हणाले आणि बसले. काशिनाथनं ते कोकणीत सांगितलं, तर तेही तेवढंच झालं. इंदूबाई मागून पुटपुटली, "अगं, निदान नाव तरी सांगायचंस."

मग पास्टरांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तेलाचं बोट सोनीच्या कपाळाला लावून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. ते प्रार्थना करतात तेव्हा अगदी मनापासून करतात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मीही प्रार्थना करत होते, पण डोळे उघडे ठेवून. सगळ्यांचे मिटलेले बघून मी हात लांब केला, सुपातली पिशवी उचलली आणि पदराखाली घेतली.

मान वर केली तर समोर सखूबाईचे डोळे सताड उघडे.

आमेन झालं, दोरे जाळले गेले. त्या संध्याकाळी आणखी बऱ्याच जणांसाठी प्रार्थना झाली. कंबर वाकलेला एक म्हातारा ताठ चालून दाखवून गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला तर पुन्हा वाकलेला होता. एका पोराचा ताप उतरला तो मात्र उतरलेलाच राहिला. मी दोन्ही पाहिलं.

चुलीपाशी

सभा मोडल्यावर पुरुष अंगणात बोलत बसले. सखूबाई मला हाताला धरून चुलीपाशी घेऊन गेली आणि माझ्या पदराकडं बोट केलं.

"टाकलेलं उचललंस तू. उतारा उचलतात का कोणी? तिचं दुखणं तुला धरील."

"हा उतारा नाही," मी म्हणाले. "औषध आहे."

"औषध?" तिनं आवाज दाबला. "ह्या खाल्ल्या तवापासून पोरीचं रक्त जातंय. लाल मुतते ती. मी स्वतः बघितलं. भगत म्हणाला, ह्या गोळ्या रक्त वितळवतात. रक्त गेलं की माणूस गेलं. म्हणून बंद केल्या. तरी टाकवत नव्हत्या, सरकारी आहा ना. आज तुमच्या साहेबानं सांगितलं, टाका, तर टाकल्या."

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. लाल कॅपसूल घेतली की लघवी लालसर होते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही घाबरून सासूबाईंना हाक मारली होती. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, तो औषधाचा रंग आहे. मग वर्षभर त्याचं काही वाटलं नाही.

हे सखूबाईला कसं सांगायचं? मला तिची बोली येत नव्हती, माझी तिला अर्धीच कळत होती. जे दोन्हीकडचं बोलतो तो काशिनाथ. बाहेर अंगणात पास्टरांशेजारी बसलेला पुरुष, आणि तिचा मुलगा. त्याला बोलावून मी काय म्हणणार? ज्या गोष्टीचं नाव मी नवऱ्यासमोरही घेतलेलं नाही, ती त्याच्या तोंडून त्याच्या आईला सांगवायची? आत सोनी खोकत होती. मुलगी पुन्हा रांगत निघाली होती.

मी पिशवीतली एक लाल कॅपसूल काढली, तांब्यातलं पाणी घेतलं आणि सखूबाईच्या डोळ्यांदेखत गिळली.

सखूबाईनं कपाळाला हात लावला. "येडी आहा का बाय तू!" मग चुलीतलं लाकूड पुढं सारता सारता ती स्वतःशीच काय काय बोलत राहिली. मला एवढं कळलं की पाहुणी मेली तर तिच्या घरच्यांना काय सांगायचं याची तिला काळजी पडली होती.

सकाळ

हे लिहितानाही मला लाज वाटते. पण या प्रवासातलं हे सोडलं तर बाकी काही लिहिण्यासारखं उरत नाही.

तिकडं सकाळी बायका मिळून ओढ्याच्या बाजूला जातात. देवळालीत आम्ही आता घरातल्या संडासाला सरावलो आहोत, पण माहेरी असंच होतं. त्यामुळं मला त्याचं नवल नव्हतं. इंदूबाई मात्र दर पावलाला विंचू-साप शोधत होती. सखूबाई आमच्या मागोमाग आली आणि माझ्यापासून हटेना. मी एका दगडाआड गेले तर ती दगडाला वळसा घालून उभी.

"अगं बाई, हिला काय झालं?" इंदूबाई म्हणाली. "तुझा पहारा कशाला करते?"

माझ्या मनात वेगळीच भीती होती. एकाच कॅपसूलनं रंग येईल की नाही? मला आठवत होतं की माझ्या वेळी पहिल्याच दिवशी आला होता, पण किती वर्षं झाली त्याला. मी डोळे मिटून प्रार्थना केली. अशा ठिकाणी अशी प्रार्थना दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही.

मी उठले. सखूबाई पुढं झाली, खाली वाकली. मातीवर नाही, मी मुद्दाम पांढऱ्या सपाट दगडावर बसले होते. तिनं दगडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग माझ्या दंडाला एक चिमटा काढला, जोरात, पिकलंय की नाही ते फळ दाबून बघतात तसा.

"दुखतंय का कुठं?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही."

"रात्री भाकरी जेवलीस. आताही जेवशील?"

"जेवेन."

ती दगडावर हात मारून हसायला लागली. इतकी की इंदूबाई साप-विंचू विसरून पळत आली. "काय झालं? काय झालं?" सखूबाईनं तिला बोटानं दाखवलं. इंदूबाईनं पाहिलं आणि किंचाळली, "मार्थे! रक्त!"

मग इंदूबाईला सगळं सांगावं लागलं. बायकांत, दगडाआड, मी ते सांगू शकले. इंदूबाई ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे काल सभेत तू चार शब्द बोललीस, आणि खरी साक्ष इथं दिलीस." मग तिनंच काशिनाथला बाजूला घेऊन सांगितलं की मधे खंड पडला आहे, तेव्हा सोनीला परत सुरगाण्याच्या दवाखान्यात ने, विचारून मगच गोळ्या दे, आणि आता सोडू नका. ज्या कारणानं सोडल्या होत्या ते कारण मात्र तिनं त्याला आईकडून ऐकायला सांगितलं. पास्टरांना काही सांगायची तिचीही छाती झाली नाही. पास्टरांसमोर असलं काही बोलायची आमच्या मंडळीत कुणाला सवय नाही.

आम्ही निघालो तेव्हा पास्टरांनी दिलेलं कॅलेंडर कुडावर खिळ्याला टांगलेलं होतं. त्याच खिळ्याला सखूबाईनं ती प्लास्टिकची पिशवी अडकवली होती. पास्टर क्षणभर बघत राहिले, पण गाडीची वेळ झाली होती. ते चहा घेऊन, रोजची त्यांची ब्लडप्रेशरची गोळी खिशातल्या पट्टीतून काढून, ती पाण्याबरोबर घेऊन निघाले.

सोनी दारापर्यंत आली. त्या खेपेला तिच्याशी मी एवढंच बोलले, "मी पण अशीच होते." तिला ते कळलं असावं. परतीच्या प्रवासात काही घडलं नाही. वणीला इंदूबाई उतरली नाही.

देवळाली, पावसाळ्यानंतर

तेव्हा फोन नव्हते. पाड्याची काही बातमी कळली नाही. मी रोज प्रार्थनेत सोनीचं नाव घेत होते, आणि गोळ्यांचंही. गोळ्यांसाठी प्रार्थना करावी असं मला आधी कधी सुचलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास एका रविवारी उपासना सुरू झाल्यावर मागचं दार वाजलं. काशिनाथ आत आला. त्याच्यामागं सखूबाई, आणि तिच्यामागं सोनी. मी तिला ओळखलं ते तिच्या कडेवरच्या मुलीवरून. मुलगी आता चांगली मोठी झाली होती, आईच्या गळ्यात हात टाकून बसलेली. तिला कुणी उचलून बाजूला नेत नव्हतं.

पास्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी साक्षीसाठी पुढं बोलावलं. सोनी लाजली. ती माझ्यासारखीच निघाली. "प्रभूनं मला बरं केलं," काशिनाथ तिच्यावतीनं म्हणाला, आणि सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. एवढ्यावर ते संपलं असतं. पण सखूबाईला थांबायचं नव्हतं. ती पुढं आली, पदर खोचला आणि बोलायला लागली.

ती कोकणीत बोलत होती. मंडळीत कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. मला अर्धं कळत होतं, आणि ते अर्धं पुरे होतं. तिनं सूप सांगितलं. पदराखाली पिशवी कशी गेली ते करून दाखवलं. गोळी गिळण्याचा अभिनय केला. मग ती ओढ्यावर आली. दगड केवढा होता ते हातांनी दाखवलं. दगडाला वळसा घालून ती स्वतः कशी वाकली ते वाकून दाखवलं, आणि मग सरळ उभी राहून माझ्याकडं बोट करून, वेदीजवळ, सगळ्या मंडळीसमोर तिनं तो रंग सांगितला. मी पदर तोंडावर घेतला. शेजारी इंदूबाईचा सगळा देह हलत होता, आवाज मात्र बाहेर येत नव्हता.

सखूबाई थांबली. सगळे काशिनाथकडं बघायला लागले. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. त्यानं पायाकडं पाहिलं, छताकडं पाहिलं.

"आई म्हणते," तो म्हणाला, "की त्या मार्थाबाईंनी आमच्याकडं साक्ष दिली, ती तिनं डोळ्यांनी बघितली, म्हणून तिचा विश्वास बसला."

पुन्हा हालेलूया झालं.

उपासना संपल्यावर चहा होता. मी नळापाशी कप विसळत होते. पास्टर तिथं आले. "मार्थाबाई, तुम्ही तर तिथं चारच शब्द बोललात. त्या बाई इतका वेळ काय सांगत होत्या?"

पाणी चालू होतं. मी नळ बंद केला आणि सांगितलं. सूप, पिशवी, दगड, रंग, सगळं, खाली मान न घालता. शेवटी गाडीतल्या त्या बाईचं आठवलं तेही म्हणाले, की दवाखाना आपण करायचा आणि गुण प्रभूनं द्यायचा.

पास्टरांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला आणि तिथल्या गोळ्यांच्या पट्टीवर तसाच राहिला.

"त्या सुपात," ते म्हणाले, "याआधी आणखी कुणाकुणाच्या गोळ्या गेल्या असतील?"

आता पाड्यावर सूप पुढं ठेवलं की पास्टर आधी मला उभं करतात. मी माझं नाव सांगते. मग सांगते, दोरे टाका, दवाखान्याच्या गोळ्या टाकू नका. आणि बायकांना म्हणते की तुम्ही जरा त्या बाजूला चला, मला तुमच्याशी आणखी थोडं बोलायचं आहे.